'शिफारस' नव्हे, 'अट'

"शनिवार-रविवार क्लिनिकला जातोय" असं फोनवर सांगितलं तर आई दचकलीच. "का रे, बरं नाहीये का?" मग समजावून सांगावं लागलं, की इकडे कुठलीही विद्या दोन-तीन दिवसांत हातात बसवून देणाऱ्या वर्गाला क्लिनिक म्हणतात. गोल्फचं असतं, हॉकीचं असतं, आणि मी निघालो होतो ते डोंगरातल्या बर्फावर स्नोमोबील चालवण्याचं. एवढं होईपर्यंत फोन मामांकडे गेला होता. मामा साताऱ्याचे, चाळीस वर्षं बुलेट चालवतात. म्हणाले, "त्यात शिकायचं काय डोंबल? रेस पिळायची आणि जायचं! त्याला पैसे कसले भरतोस?"

मामांच्या या वाक्याशी माझं पहिलं भांडण आहे. दुसरं भांडण बरोब्बर विरुद्ध बाजूच्या लोकांशी, म्हणजे शिकवणाऱ्यांशी. दोन्ही बरेच दिवस मनात साचलीत. आज उरकून टाकतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी स्नोमोबील पाहिली असेल ती सोलांगला नाहीतर गुलमर्गला. तिथे तिला स्नो स्कूटर म्हणतात. भाड्याचा गमबूट आणि कोट घालून आपण मागे बसायचं, पुढचा पोरगा एक चक्कर मारून आणतो, फोटो काढायचा, झालं. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा आणि वर मोटरसायकलसारखी सीट. कॅनडात या यंत्राचा जन्म मौजेसाठी झाला नव्हता. क्युबेकमधल्या वालकूर गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा १९३४च्या हिवाळ्यात पोटातल्या संसर्गाने गेला, कारण रस्ते बर्फाने बुजलेले आणि दवाखान्यात न्यायला साधनच नव्हतं. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचा ध्यास त्याला आधीपासून होता, पण त्यानंतर तो हात धुऊन मागे लागला. आधी माणसं वाहून नेणाऱ्या मोठ्या गाड्या केल्या आणि १९५९ साली छोटी स्की-डू बाजारात आणली. म्हणजे आईने 'क्लिनिक' म्हटल्यावर दवाखाना समजणं अगदीच गैर नव्हतं म्हणायचं.

पण त्या स्की-डूत आणि आजच्या डोंगरी यंत्रात लुना आणि रेसिंग बाईकइतकं अंतर आहे. आज डोंगरासाठी म्हणून जी स्लेड मिळते (इकडे सगळे तिला स्लेडच म्हणतात) तिचं इंजिन ८५० सीसीचं, ताकद १६० हॉर्सपॉवरच्या वर, आणि वजन दोनशे किलोच्या थोडं पुढे. आपल्या मारुती ८००ला चाळीसच्या आत हॉर्सपॉवर होती, आणि तीत घरदार बसून महाबळेश्वरला जायचं. शिवाय पट्टा चौदा-पंधरा फुटी, त्यावर सात-साडेसात सेंटिमीटर उंचीच्या रबरी पाती. कमरेइतक्या भुसभुशीत बर्फातून हे प्रकरण सरळ उभ्या चढावर जातं. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद घटते, तर त्यावरही आता कारखान्यातूनच टर्बो बसवून मिळतो.

आता मामांचं वाक्य घ्या. एकतर रेस पिळायची नसते, उजव्या अंगठ्याने दाबायची असते. आणि सपाट रस्त्यावर मामा म्हणतात तसं जमतंही. दाबा आणि जा. डोंगराच्या उतारावर आडवं जायचं म्हटलं की मात्र बुलेटची चाळीस वर्षं बाजूला ठेवावी लागतात. स्लेड उताराकडे घसरायला लागते, आपण घाबरून वरच्या बाजूला हँडल वळवतो, आणि ती आणखी खाली जाते. क्लिनिकमध्ये पहिल्या दिवशी सकाळी हेच शिकवतात: डावीकडे जायचंय तर हँडल उजवीकडे वळवा, दोन्ही पाय डाव्या फळीवर, अंगाने यंत्र डावीकडे ओढा आणि अंगठ्याने एक छोटा झटका द्या. यंत्र एका कुशीवर येतं, आणि एका कडेवर, तलवारीच्या पात्यासारखं, बर्फ कापत वळतं. ऐकायला सोपं आहे. पहिले दोन तास आम्ही आठही जण दर दोन मिनिटांनी बर्फात लोळत होतो.

मग गोल गोल फिरणं, मग आठचा आकडा. (आरटीओत लायसन्ससाठी काढतात तोच आठ! फरक इतकाच, की इथे साहेब खिडकीतून बघत नव्हते आणि एजंटही नव्हता.) मग पाय बदलून उभं राहण्याचा एक प्रकार: डावीकडे वळताना डाव्या फळीवर उजवा पाय पुढे, आणि डावा पाय मागे हवेत. चुकीचा पाय पुढे वाटतो, नावही तसंच आहे, पण एकदा जमलं की दोनशे किलोचं धूड करंगळीने हलवल्यासारखं हलतं. दुपारी झाडीत. झाडांमधून जाताना झाडाकडे बघायचं नाही, झाडांमधल्या मोकळ्या जागेकडे बघायचं. जिकडे नजर तिकडे यंत्र. ब्रेकवर एकच बोट. अंगठा सतत दाबून धरायचा नाही, थोडा थोडा टोचत राहायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आठातले सहा जण उतारावर एका रेषेत आडवे जात होते, जे आपापल्या आपण शिकायला त्यांना तीन हिवाळे लागले असते.

तेव्हा 'त्यात शिकायचं काय' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे, की सगळंच. आपल्याकडे एक विचित्र समजूत आहे की यंत्र चालवणं ही शिकायची गोष्टच नव्हे, ती मर्दानगीबरोबर आपोआप अंगात येते. पोहायला मोठ्या काकाने विहिरीत ढकललं, गाडी शेजारच्या मैदानात मित्राने शिकवली, आणि लायसन्स कसं मिळालं ते विचारू नये. शिक्षकाकडून रीतसर शिकणं म्हणजे कमीपणा. ही समजूत मी इथल्या गोऱ्या पोरांमध्येही तितकीच पाहिली आहे, त्यामुळे ती फक्त आपल्या मातीतली आहे असा गैरसमज नको. पण ती भंपक आहे. क्लिनिकमधल्या शिक्षकाने आमची दोन दिवसांची फी रास्त कमावली, आणि त्याच्या हातातल्या कसबाबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे, आणि तिच्यापाशी यायला थोडा रस्ता चढावा लागेल.

मी कॅलगरीत राहतो. तिथून पश्चिमेला चारेकशे किलोमीटरवर रेव्हलस्टोक नावाचं गाव आहे, बर्फवेड्यांची पंढरी. वाटेत रॉजर्स पास लागतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर इतके अंगावर येतात की हिवाळ्यात तिथे सैन्याच्या तोफा तैनात असतात. खऱ्या तोफा, १०५ मिलिमीटरच्या. बर्फ फार साठला की हायवे बंद करतात, सैनिक वरच्या उतारांवर गोळे टाकतात, साठलेला बर्फ ठरवून खाली पाडतात, रस्ता साफ करतात आणि मग आपली वाहनं सोडतात. आम्हीही त्या सकाळी पाऊण तास गाडीत बसून होतो. १९६२ साली हा रस्ता खुला झाला. त्याच्याही आधी इथून रेल्वे जायची, आणि ४ मार्च १९१० च्या रात्री इथे ५८ कामगार गाडले गेले. त्यातले बत्तीस जपानी मजूर होते. ते काय करत होते? एका बाजूच्या डोंगरावरून आधी कोसळलेला बर्फ रुळावरून उपसत होते. उपसताना समोरच्या डोंगरावरून दुसरा कोसळला. शेवटी रेल्वेने डोंगराखालून बोगदा काढला आणि १९१६ साली खिंडीतून माघार घेतली.

म्हणजे बघा, ज्या उतारांना रेल्वे भ्याली, ज्यांच्याखालून गाड्या जाऊ देण्याआधी सरकार तोफा डागतं, तशाच उतारांवर त्याच सकाळी आम्ही आठ जण स्वतःच्या हौसेने, पैसे भरून चढणार होतो. चढायला माझी हरकत नाही. मीही चढतोच. प्रश्न असा, की चढणाऱ्याला काय काय माहीत असायला हवं?

सकाळी आठला, उणे चौदा तापमानात, पार्किंगमध्ये शिक्षकाने सगळ्यांचे बीकन तपासले. बीकन म्हणजे छातीशी बांधायचं छोटं रेडिओयंत्र. गाडला गेलात तर ते संदेश पाठवत राहतं, आणि वर राहिलेल्या मित्रांनी आपलं यंत्र 'शोध'वर टाकून तुम्हाला हुडकायचं. तपासणी म्हणजे काय, तर एकेक जण शिक्षकासमोरून चालत गेला, त्याचं यंत्र वाजलं, ठीक आहे, पुढचा. मग वीस मिनिटांचं भाषण: आजचा धोका कुठल्या पातळीचा, कुठे जाणार, कुठे जाणार नाही. भाषण चांगलं होतं. पण ही तपासणी बॅटरीची होती, माणसाची नव्हे. यंत्र संदेश पाठवतंय एवढं कळलं. तोच संदेश वापरून दुसऱ्याला शोधता येतं का, हे कोणी विचारलंच नाही.

ते मी जेवणाच्या सुट्टीत विचारलं. इथे हिमस्खलनाचा दोन दिवसांचा प्राथमिक कोर्स असतो, एएसटी १ म्हणतात, स्लेडवाल्यांसाठी वेगळाही मिळतो. मी तो दोन वर्षांपूर्वी केला होता. आठ जणांत माझ्यासकट तिघांनी केला होता. एकाचं बीकन आदल्या रात्री घेतलेलं. आणखी एकाने फावडं आणि प्रोब (जोडून लांब करायची काठी, बर्फात खुपसून माणूस चाचपायला) स्लेडच्या मागच्या बॅगेत नीट बांधून ठेवले होते. आता विचार करा. हिमस्खलनात स्लेड गाडली गेली, हा वर राहिला, मित्र खाली आहे, फावडं कुठे? स्लेडवर. स्लेड कुठे? बर्फाखाली. म्हणून फावडं पाठीवरच हवं, ही कोर्सच्या पहिल्या तासातली गोष्ट आहे.

क्लिनिकच्या माहितीपत्रकात याबद्दल एक वाक्य होतं: हिमस्खलनाचं शिक्षण घेतलेलं असावं अशी 'शिफारस' आहे. हेल्मेट मात्र 'सक्तीचं'. बीकन, फावडं, प्रोब 'सक्तीचं'. म्हणजे वस्तू सक्तीच्या आणि त्या वापरायची अक्कल ऐच्छिक! कायद्याचंही तसंच. ब्रिटिश कोलंबियात स्लेडला नंबर लागतो, डोक्याला हेल्मेट लागतं. हिमस्खलनाची बाराखडी येते का, हे कुणी विचारत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? जेव्हा होईल तेव्हा बचाव पथक येईल की. इथेच या विषयातली सगळी मेख आहे. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ वाचतात, अर्ध्या तासानंतर तीन वाचतात, असा जुना हिशोब होता. स्वित्झर्लंडच्या आकडेवारीवर २०२४ साली आलेल्या अभ्यासाने ती पंधरा मिनिटं दहावर आणली. दहा मिनिटं. हेलिकॉप्टर जाऊ द्या, दहा मिनिटांत रेव्हलस्टोकमध्ये कुणाला फोनसुद्धा लागत नाही, कारण वर रेंज नसते. तुम्हाला कोण काढणार? तुमच्याबरोबर जे आहेत ते. कालच ज्याची ओळख झाली तो, ज्याचं बीकन कालच खोक्यातून निघालं तो. त्यात कोसळलेला बर्फ थांबला की सिमेंटसारखा घट्ट बसतो, तो आईसक्रीमसारखा उकरता येत नाही. कुणी कुठे खणायचं, उपसलेला मागच्याने कसा ढकलायचा, याचीही पद्धत आहे, आणि ती हातात बसायला सराव लागतो.

म्हणून 'ज्याची त्याची मर्जी, प्रौढ माणसं आहेत' हा युक्तिवाद मला चीड आणतो. स्वातंत्र्यावर माझा विश्वास आहे. पण हेल्मेट न घालणाऱ्याचं स्वतःचं डोकं फुटतं. बीकन वापरायला न शिकणाऱ्याचा मित्र मरतो. हे शिक्षण माणूस स्वतःसाठी घेतच नाही मुळी. ते सगळं बरोबरच्यासाठी असतं. तेव्हा ते घ्यायचं की नाही हे ठरवायचा अधिकार एकट्याचा कसा?

दुसरा युक्तिवाद जास्त हुशार आहे आणि तो क्लिनिकवाल्यांकडून येतो. ते म्हणतात, उत्तम चालवणारा माणूस उतारावर अडकत नाही, आणि अडकलेला माणूसच धोक्यात असतो. म्हणजे आम्ही कौशल्य शिकवतो तेव्हा सुरक्षितताच शिकवतो. यात तथ्य आहे, पण अर्धंच. उतारावर मध्येच रुतून बसलेला, खणत बसलेला माणूस खरंच धोक्यात असतो. पण कौशल्य आल्यावर माणूस त्याच उतारावर जातो का? कधीच नाही. तो पुढच्या, जास्त उभ्या, जास्त अडचणीच्या उतारावर जातो. हिमस्खलनं बहुतांशी तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात. आपल्या वाड्याचा जिना साधारण तेवढाच असतो, त्यामुळे फार भयंकरही वाटत नाही. पूर्वीच्या यंत्राने माणूस तिथे पोचायचाच नाही. पाच-सात वर्षं खालीच रुतायचा, ओढायचा, शिव्या घालायचा, आणि तेवढ्या काळात जुन्या लोकांबरोबर राहून बर्फाची थोडी ओळख व्हायची. आजचं यंत्र नवशिक्याला पहिल्याच मोसमात तिथे नेऊन उभं करतं, आणि उरलेलं अंतर क्लिनिक दोन दिवसांत भरून काढतं. जी रुतण्याची वर्षं नकळत शाळेचं काम करायची ती यंत्राने आणि क्लिनिकने मिळून रद्द केली. मग त्या शाळेची जागा दुसऱ्या कशाने भरायची जबाबदारी कुणाची?

शिवाय स्लेडवाल्याचं एक खास दुखणं आहे. स्की घेऊन पायी चढणारा दिवसभरात एक-दोन उतार करतो. चढताना पायाखाली बर्फ 'धप्प' करून बसला तर त्याला ऐकू येतं, आणि तो आवाज म्हणजे डोंगराने दिलेली थेट धमकी असते: आतला थर पोकळ आहे, वरचा सुटणार आहे. स्लेडवाला दिवसात चाळीस उतार ओलांडतो, डोक्यावर हेल्मेट, खाली इंजिन किंचाळतंय. त्याला काय ऐकू येणार? संधी चाळीसपट, इशारे शून्य. म्हणून त्याला बर्फाचं ज्ञान स्कीवाल्यापेक्षा जास्त हवं. प्रत्यक्षात स्कीवाल्यांमध्ये कोर्स न केलेला माणूस सांगायला लाजतो, आणि आमच्यात केलेला माणूस 'घाबरट' ठरतो.

ही हवेतली चिंता नाही. २८ डिसेंबर २००८, फर्नीजवळची हार्वे पास. स्पारवुड या कोळसाखाणीच्या गावचे अकरा जण दोन गटांत स्लेडवर गेले होते. एका गटावर बर्फ कोसळला. दुसरा गट मित्रांना खणून काढायला धावला, आणि त्या सगळ्यांवर दुसरा कोसळला. अकरातले आठ गेले. एका छोट्या गावातले आठ. वाचताना मला १९१० सालचे ते रेल्वेचे मजूर आठवतात. उपसणाऱ्यावर दुसरा कोसळतो हे या डोंगरांनी अठ्ठ्याण्णव वर्षं आधी दाखवलं होतं. मग १३ मार्च २०१०, रेव्हलस्टोकचाच बोल्डर माउंटन. त्या शनिवार-रविवारसाठी हिमस्खलन केंद्राने खास इशारा दिलेला असताना दोनेकशे लोक, उतारावर कोण जास्त उंच खूण करतो याची चढाओढ बघायला थेट त्या उताराच्या पायथ्याशी जमले होते. दोन मेले, तिसेक जखमी. २९ जानेवारी २०१६, मॅकब्राइडजवळ माउंट रेनशॉ, पाच मेले. 'चालवता येत नव्हतं' हे यातल्या कुठल्याच दुर्घटनेचं कारण नव्हतं.

आणि आमच्याकडे त्या दिवशी काय झालं? एक तरुण उताराच्या मध्यावर रुतला. दुसरा, मनाने चांगला मुलगा, लगेच अंगठा दाबून त्याच्याजवळ निघाला. शिक्षकाने शिट्टी मारली, हातवारे केले, त्याला परत बोलावलं. मग दोन मिनिटं सांगितलं: उतारावर एका वेळी एकच, रुतलेल्याच्या मदतीला वर जायचं नाही, बाजूला सुरक्षित जागी थांबून नजर ठेवायची. पाच जणांनी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांच्या मनात मदतीला धावणं म्हणजे माणुसकी. आपल्या सगळ्यांच्याच मनात तसंच असतं. ही अंतःप्रेरणा चुकीची ठरते अशी जागा जगात फार थोडी असेल, आणि आपण तिथे उभे आहोत हे दोन मिनिटांच्या सूचनेने कळत नाही.

संध्याकाळी मी शिक्षकाला सरळ विचारलं, अट का नाही घालत? माणूस प्रामाणिक. म्हणाला, अट घातली तर निम्म्या जागा रिकाम्या राहतील, आणि न येणारे काही घरी बसणार नाहीत. व्हिडिओ बघून स्वतःच वर जातील. इथे निदान काहीतरी कानावर पडतं.

माझ्या विरोधातला हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, म्हणून त्याला शेवटपर्यंत टाळत आलो. पण पाणबुड्यांचं बघा. स्कूबाचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय जगातलं कुठलंही भलं दुकान हवेची टाकी भरून देत नाही. तिथेही कुणीतरी पहिल्यांदा अट घातलीच असेल, आणि त्याचंही गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलंच असेल. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था. पुण्या-मुंबईची कितीतरी ट्रेकर पोरं तिथे जाऊन आलीत, विचारा त्यांना. आधी बेसिक कोर्स, त्यात चांगली श्रेणी मिळाली तरच ॲडव्हान्स. सह्याद्रीत शंभर किल्ले केलेत म्हणून कुणी थेट वरच्या वर्गात घेत नाही. लोक कुरकुरतात, आणि रांगेत उभे राहतात.

यावर कुणी तत्काळ सुनावेल, की त्याच संस्थेच्या ॲडव्हान्स कोर्सच्या तुकडीवर ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलन झालं, सत्तावीस जणांचे मृतदेह मिळाले आणि दोघे मिळालेच नाहीत. काय कामाचं तुमचं शिक्षण? हा वार खोल आहे आणि मी तो चुकवत नाही. शिक्षणाने डोंगर बांधून ठेवता येत नाही. शिकलेले, शिकवणारे, सगळे मरू शकतात. पण या दुर्घटनेवरून 'म्हणून शिकूच नका' हा निष्कर्ष कुणी काढला? डॉक्टरही कॅन्सरने मरतात, म्हणून आपण वैद्यकीय कॉलेजं बंद केली नाहीत. उलट, जिथे अट असूनही असं होतं, तिथे अटीशिवाय आठ अनोळखी लोकांना एका दोरीने नव्हे तर एका उताराने बांधून नेणं किती बेफिकिरीचं आहे, ते बघा.

एअरबॅगचंही नाव निघतंच. दोरी ओढली की पाठीवरचा फुगा फुगतो, वाहत्या बर्फात माणूस वर राहण्याची शक्यता वाढते. चांगली वस्तू आहे, माझ्याकडेही आहे. पण कॅनडात हिमस्खलनात मरणाऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा गुदमरून नाही, झाडा-खडकांवर आदळून मरतो. फुग्याला झाड बाजूला सारता येत नाही. आणि हजार डॉलरची बॅग घेणाऱ्याला त्याहून निम्म्या पैशांत होणाऱ्या कोर्ससाठी मात्र वेळ नसतो. दुकानातून मिळते ती सुरक्षितता विकत घ्यायला आपण एका पायावर तयार असतो.

माझी मागणी फार मोठी नाही. क्लिनिकवाल्यांनो, त्या माहितीपत्रकातला 'शिफारस' हा शब्द खोडा आणि तिथे 'अट' लिहा. तोट्याची भीती असेल तर दोन्ही जोडून विका. चार दिवस, पहिले दोन बर्फाचे, पुढचे दोन यंत्राचे. तेही नको असेल तर निदान पहिल्या सकाळी, आठच्या आकड्याच्या आधी, प्रत्येकाला पिशवीत गुंडाळलेलं एक बीकन पुरून शोधायला लावा. ज्याला सापडणार नाही त्याला सपाट मैदानातच ठेवा. दोन दिवस तिथेच गोल गोल फिरू दे, पैसे वसूल होतात.

त्यांनी ऐकेपर्यंत आम्ही चौघा मित्रांनी आमच्यापुरता नियम केलाय. आमच्याबरोबर यायचंय त्याने आधी माझ्या घरी यायचं. मागच्या अंगणात मी बर्फात बीकन पुरून ठेवतो, गेल्या डिसेंबरपासून एक मीटर खोल, आणि घड्याळ लावतो. शोधून, प्रोबने चाचपून, खणून काढायला मिनिटं पाच. कंपनीतले तिघे आले होते. एकाने हा पोरकटपणा आहे म्हणून फावडंच हातात घेतलं नाही. दुसऱ्याला सोळा मिनिटं लागली आणि त्याने पुन्हा विषय काढला नाही. तिसरीला अकरा लागली. ती पुढच्या शनिवारी परत आली, आणि त्याच्या पुढच्याही.